‘दुय्यम’ शलाका : मराठी विज्ञानलेखनातील एक उणीव

कणवेगवर्धकाविषयीचे मराठी लेखन बहुधा दोन टोकांवर स्थिरावते. एका टोकाला यंत्राची भव्यता, दुसऱ्या टोकाला शोधाचा जयघोष. मूळ शलाका लक्ष्यावर आदळल्यानंतर जन्मणाऱ्या कणांची निवड आणि त्यांचे वहन हा मधला भाग मात्र लेखकांच्या लेखी जणू नसतोच. या उणिवेचे एक कारण परिभाषेत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘सेकंडरी बीम’ला आपण सहज ‘दुय्यम शलाका’ म्हणतो. ‘दुय्यम निबंधक’ म्हणताना जी खालची पायरी सूचित होते, तीच येथेही डोकावते. वस्तुस्थिती उलट आहे. जिनिव्हाजवळील सर्न येथे ४०० जीईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन बेरिलियमच्या पट्ट्यांवर आदळतात. प्रयोगाला हवे असतात ते त्यातून निघणारे पायॉन, केऑन आणि पायॉनच्या क्षयातून मिळणारे म्यूऑन. द्विध्रुवी चुंबक ठरावीक संवेगाचे कण वळवून घेतात, फटी नकोसे कण अडवतात. चतुर्ध्रुवी चुंबक एका प्रतलात शलाका एकवटतो तेव्हा दुसऱ्या प्रतलात ती पसरवतो. म्हणून असे चुंबक जोडीने योजावे लागतात. रचनेतील खरी बुद्धिमत्ता येथे आहे.

आपल्याकडील उदाहरण कुलाब्याचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ मध्ये कार्यान्वित झालेल्या पेलेट्रॉनवर प्रोटॉन लिथियमवर आदळवून न्यूट्रॉन मिळवले गेले व थोरियमवरील मापनांसाठी वापरले गेले. न्यूट्रॉनला विद्युत्‌भार नाही. चुंबक त्याला वळवू शकत नाही. मग निवड प्रोटॉनची ऊर्जा, लिथियमची जाडी, नमुन्याचे अंतर व कोन यांतूनच साधावी लागते, आणि तरीही मिसळलेल्या कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा वाटा गणिताने वजा करावा लागतो. थोरियमविषयी अभिमानाने लिहिणाऱ्या लेखांत ही वजाबाकी क्वचितच येते.

‘कमिशनिंग’चे तर आपण ‘लोकार्पण’च करून टाकले आहे. फीत कापण्याचा हा शब्द, त्या आधीच्या कामाला कसा पुरावा? प्रथम क्षीण शलाका सोडणे, तिचा आकार मोजणे, तो गणिताशी ताडणे. एखाद्या चुंबकाची ध्रुवता उलटी जोडली गेली असेल तर ती याच टप्प्यावर उघड होते. यासाठी ‘जुळवणी’ हा साधा शब्द ‘कार्यान्वयना’पेक्षा अधिक बोलका आहे. ‘दुय्यम’ऐवजी ‘द्वितीयक’ रूढ व्हावा, हा आग्रहही त्याच कारणास्तव.

मराठवाड्यात औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तो वेगवर्धक नव्हे. पण चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतील लेसर शलाकेची जुळवणी तेथेही करावी लागेल. जालन्याच्या विद्यार्थ्याला त्या कामाचे नाव तरी मराठीत ठाऊक हवे.