फळांच्या स्थिरचित्रातील वास्तववाद आणि अर्थ : काराव्हाज्जोची ‘फळांची परडी’

प्रस्तावना : फळांचे स्थिरचित्र म्हणजे हुबेहूब नक्कल, असा एक समज आहे, त्यातील प्रत्येक फळ हे धार्मिक प्रतीक, असा दुसरा. हे दोन्ही समज अपुरे आहेत, हे प्रस्तुत लेखात काराव्हाज्जोच्या ‘फळांची परडी’ या चित्राच्या आधारे दाखवावयाचे आहे.

विवेचन : सुमारे १५९७ ते १६०० या काळातील हे तैलचित्र कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांच्या संग्रहात होते, आज ते मिलान येथील आंब्रोझियाना संग्रहालयात आहे. त्यातील सफरचंद किडलेले आहे, पाने कुरतडलेली आहेत, उजवीकडची पाने तर सुकून आकसली आहेत. नश्वरतेचा उपदेश असे याचे विवरण नेहमी केले जाते. तथापि येथे कवटी नाही, वाळूचे घड्याळही नाही. किडीचे छिद्र आणि टपोरी द्राक्षे चित्रकाराने सारख्याच निष्ठेने रंगविली आहेत. पार्श्वभूमी मात्र वास्तवाला धरून नाही. ती फिकट पिवळसर, सपाट आणि स्थळहीन आहे. परडीचा तळ कडेबाहेर, प्रेक्षकाच्या दिशेने आलेला आहे. स्थळच वगळल्यामुळे नजर अन्यत्र जाऊ शकत नाही. फळांच्या अवस्थेपाशीच ती थांबते.

निष्कर्ष : येथील अर्थ फळांवर बाहेरून लादलेला नसून काटेकोर निरीक्षणातूनच निष्पन्न होतो. वर्गात आपण प्रतीकांची यादी आधी सांगतो, तेव्हा विद्यार्थ्याला सफरचंदात पाप दिसते. कीड दिसत नाही. अध्यापनाचा हा क्रम बदलणे आवश्यक आहे.