मोरचूद, शैवाल आणि यकृत : फाल्कनर यांच्या संशोधनाची चिकित्सा

वणी परिसरातील द्राक्ष बागायतदारांना मोरचूद परिचित आहे ते बोर्डो मिश्रणातील घटक म्हणून. जलाशयातील शैवाल मारण्यासाठीही त्याचा वापर होतो. इयन फाल्कनर या ऑस्ट्रेलियन विषशास्त्रज्ञाचे संशोधन नेमक्या याच वापराविषयी शंका उपस्थित करते. १९८१ मध्ये आर्मिडेल शहराला पाणी पुरविणाऱ्या माल्पास धरणात विषारी नीलहरित शैवालावर मोरचूद टाकण्यात आले. पेशी फुटल्या की त्यांतील मायक्रोसिस्टिन पाण्यात मिसळते. त्या काळात शहरवासीयांच्या रक्तातील यकृतविकराची पातळी वाढलेली आढळली; वेगळे पाणी पिणाऱ्या शेजारच्या वस्तीत तशी वाढ नव्हती. रोगनिदान प्रयोगशाळेतील जुन्या नोंदींतून हा संबंध शोधणे, हे सदर अभ्यासाचे खरे सामर्थ्य होय. त्याची मर्यादाही त्यातच आहे. कोणी किती पाणी प्याले हे अशा नोंदी सांगत नाहीत. शिवाय मद्यसेवनानेही हे विकर वाढते. तथापि १९७९ मध्ये पाम बेटावर अशाच उपचारानंतर १४८ जण, बहुतांशी बालके, आजारी पडले होते. तेथील विष निराळे असले, तरी पेशी फुटण्याची प्रक्रिया तीच. त्यामुळे फाल्कनर यांचा निष्कर्ष केवळ योगायोग म्हणून बाजूला सारता येत नाही. पाणी उकळूनही मायक्रोसिस्टिन नष्ट होत नाही.