‘शोअर’ : चाहत्याचे कान आणि रसिकाचा निवाडा

समीक्षेच्या प्रांतात चाहत्याच्या मताला सहसा मान मिळत नाही. चाहता हा आधीच जिंकला गेलेला श्रोता. त्याचा कौल सुनावणीपूर्वीच ठरलेला असतो, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. अभिनवगुप्ताने ‘सहृदया’चे जे लक्षण सांगितले आहे त्यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत : एक, काव्याचे सतत अनुशीलन, आणि दुसरी, त्या अनुशीलनाने आरशासारखे स्वच्छ झालेले, वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकणारे मन. यांपैकी पहिली गोष्ट चाहत्यापाशी विपुल असते. एकाच कलावंताच्या कृती त्याने वर्षानुवर्षे, पुनःपुन्हा ऐकलेल्या असतात. प्रश्न उरतो तो दुसरीचा. अनुशीलनाने त्याच्या मनाचा आरसा निर्मळ झालेला आहे, की जुन्या प्रतिमा त्यावर कायमच्या उमटून राहिल्या आहेत? आवडत्या कलावंताची नवी कृती हाती येते त्या वेळी या प्रश्नाची खरी कसोटी लागते. ‘फ्लीट फॉक्सेस’ या अमेरिकन गायक-वादकसंचाची ‘शोअर’ ही २०२० सालची ध्वनिमुद्रिका या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. कारण चाहता असणे म्हणजे काय, हाच तिचा एक प्रमुख विषय आहे.

या संचाचे संगीत ‘इंडी फोक-रॉक’ या नावाने ओळखले जाते. यांपैकी ‘फोक-रॉक’ या शब्दाने अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात घडून आलेला लोकगीतपरंपरा आणि विद्युत्-वाद्यांचे रॉक संगीत यांचा संगम दर्शविला जातो. ‘इंडी’ हे विशेषण मुळात मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर, लहान स्वतंत्र संस्थांमार्फत निघणाऱ्या ध्वनिमुद्रिकांना लावीत. पुढे ते एका अभिरुचीचे नाव झाले. वायव्य अमेरिकेतील सिएटल या शहरी उदयास आलेल्या या संचाचा प्रमुख गीतकार आणि गायक रॉबिन पेकनोल्ड. अनेक कंठांची दाट, प्रार्थनामंदिरात घुमावी तशी स्वरसंगती हे त्याच्या रचनेचे पहिल्यापासूनचे लक्षण मानले गेले आहे.

‘शोअर’ ऐकावयास बसणाऱ्या चाहत्याच्या स्मरणात आधीच्या तीन ध्वनिमुद्रिका असतात. २००८ साली निघालेल्या पहिल्या मुद्रिकेच्या वेष्टनावर ब्रूगेल या चित्रकाराचे १५५९ मधील ‘नेदरलँडमधील म्हणी’ हे चित्र होते. शेकडो माणसांची एकाच चौकटीतील ती गजबज आणि आतील गीतांतील सामूहिक कंठध्वनी यांचा मेळ सहज लक्षात येणारा होता. २०११ मधील ‘हेल्पलेसनेस ब्लूज’ या मुद्रिकेत त्या समूहातून एक व्यक्ती वेगळी झाली आणि आपण कोण, आपला उपयोग काय, हे विचारू लागली. त्यानंतर सहा वर्षांचा खंड पडला. पेकनोल्ड न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. २०१७ साली आलेल्या ‘क्रॅक-अप’चे नाव स्कॉट फिट्झजेराल्डच्या १९३६ मधील निबंधावरून घेतलेले आहे. नावाप्रमाणेच तीत सारे काही दुभंगलेले होते. एकाच गीताचे तीन तुकडे, मध्येच पडणारी शांतता, अकस्मात उसळणारी वाद्ये, सुमारे नऊ मिनिटे चालणारी ‘थर्ड ऑफ मे / ओदाइगाहारा’सारखी रचना, अशा सामग्रीने ती श्रोत्याची परीक्षा पाहत असे. चाहत्यांनी ही परीक्षा दिली आणि तिचा त्यांना अभिमानही वाटू लागला. कष्टाने मिळविलेला आनंद हाच खरा आनंद, अशी एक समजूत त्यांच्यात रुजली.

या पार्श्वभूमीवर ‘शोअर’ आली. २२ सप्टेंबर २०२० रोजी, उत्तर गोलार्धातील शरदसंपाताच्या नेमक्या क्षणी, जवळजवळ कोणतीही पूर्वसूचना न देता ती प्रसिद्ध करण्यात आली. कर्स्टी जॅन वेर्डल हिने सोळा मिलिमीटर फितीवर चित्रित केलेला, तितक्याच लांबीचा एक चित्रपटही तिच्यासमवेत होता. तबकडीच्या रूपाने ती २०२१ च्या फेब्रुवारीत हाती आली. पंधरा गीते, सुमारे पंचावन्न मिनिटे. जग रोगराईने घरात कोंडले गेले होते आणि संचातील इतर सदस्य एकत्र येऊ शकत नव्हते. त्यामुळे ही मुद्रिका संचाच्या नावावर असली तरी बव्हंशी पेकनोल्ड आणि त्याने निमंत्रिलेले वादक यांची आहे. चाली तयार होत्या, पण शब्द सुचत नव्हते. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातून एकट्याने मोटार हाकीत केलेल्या लांबच्या प्रवासांत ते सुचत गेले.

चाहत्याच्या मनावर पहिला ठसा उमटतो तो उजेडाचा. ‘क्रॅक-अप’मधील कोनाडे आणि अंधाऱ्या वाटा येथे नाहीत. गीते आटोपशीर आहेत, एकही आठ-नऊ मिनिटांपर्यंत ताणलेले नाही. ढोलांचा ठेका स्वच्छ आहे. चाली पहिल्याच श्रवणात ओळखीच्या वाटतात. आणि नेमकी येथेच चाहत्याला किंचित निराशा वाटू लागते. इतक्या सहज हाती येणारे संगीत त्याच कलावंताचे असेल का? मागील मुद्रिकेत मिळविलेले सारे सोडून तो मागे तर वळला नाही? ही निराशा प्रामाणिक आहे; मात्र ती कृतीविषयी जितके सांगते तितकेच चाहत्याच्या अपेक्षेविषयीही सांगते. आरशावर जुनी प्रतिमा अजून आहे.

ती पुसली जाण्यास प्रारंभ होतो तो पहिल्याच गीताच्या बांधणीकडे नीट लक्ष दिल्यानंतर. ‘वेडिंग इन वेस्ट-हाय वॉटर’, म्हणजे कंबरभर पाण्यातून चालत जाणे, हे या मुद्रिकेचे प्रवेशद्वार. त्यात ऐकू येणारा मुख्य आवाज पेकनोल्डचा नाही. तो उवादे अखेरे या तरुण गायिकेचा आहे. त्या वेळी ती विद्यार्थिनी होती. संचाचे ‘मिकोनोस’ हे २००८ मधील गीत तिने स्वतः गाऊन प्रसिद्ध केले होते. ते पेकनोल्डच्या कानी पडले आणि त्याने तिला बोलाविले. जी श्रोती होती तिच्याच कंठातून नव्या कृतीचा आरंभ व्हावा, ही केवळ सौजन्याची गोष्ट नव्हे. तीन मुद्रिकांत ज्याचा आवाज हीच संचाची ओळख होती, त्याने उंबरठ्यावरच बाजूला सरून आपल्या चाहतीला पुढे केले आहे. आपल्या ओळखीचा आवाज ऐकण्यास आतुर असलेल्या श्रोत्याला प्रथम दुसऱ्या एका श्रोत्याचा आवाज ऐकावा लागतो.

दुसऱ्या गीतात, ‘सनब्लाइंड’मध्ये, हीच योजना उलट दिशेने चालते. येथे पेकनोल्ड स्वतः चाहत्याच्या जागी उभा राहतो. हे गीत दिवंगत संगीतकारांच्या नावांचे स्मरण आहे. २०१८ साली गेलेला रिचर्ड स्विफ्ट, २०२० च्या वसंतात काही दिवसांच्या अंतराने निवर्तलेले बिल विदर्स आणि जॉन प्राइन, १९७९ मध्ये उपेक्षेत मरण पावलेली जूडी सिल, २००३ मध्ये गेलेला एलियट स्मिथ, २०१९ मध्ये गेलेला डेव्हिड बर्मन हे सर्व त्यात येतात. त्यातही जॉन, बिल आणि जूडी यांची पूर्ण नावे दिलेली नाहीत. घरातल्या माणसांचे नाव घ्यावे तसे त्यांचे नाव घेतलेले आहे. ज्याला ओळख आहे त्याला ती पटते. ज्याला नाही त्याच्या मनात शोधाची इच्छा जागी होते. बर्मनच्या १९९८ मधील मुद्रिकेचे नाव तर गीतात पोहण्याच्या पाण्याचे रूप घेते : पूर्वसूरींची कृती हा जलाशय, आणि त्यात मित्रांसह उतरणे हा आजच्या गायकाचा आनंद. विषय मृत्यूचा असूनही चाल शोकाची नाही. विलापाऐवजी येथे गात राहण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती प्रतिज्ञा मोठ्या आवाजात केलेली आहे.

या दोन गीतांची जोडी ध्यानात घेतली म्हणजे पुढील अनेक तपशील सुट्या चमत्कृती न राहता एका सूत्रात येतात. ‘कॅन आय बिलीव्ह यू’ या गीतातील भव्य समूहस्वर हा शेकडो श्रोत्यांनी दूरदूरहून ध्वनिमुद्रित करून पाठविलेल्या आवाजांतून सिद्ध केलेला आहे. गीताचा विषय विश्वास टाकण्यातील अडचण हा आहे. आणि त्या अडचणीभोवती अनोळखी लोकांचा हा मेळा उभा आहे. येथे तंत्र आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. ‘क्रेडलिंग मदर, क्रेडलिंग वुमन’मध्ये ब्रायन विल्सनचा ‘पेट साउंड्स’ (१९६६) या मुद्रिकेच्या ध्वनिमुद्रणप्रसंगीचा आवाज योजिलेला आहे. ज्याच्याकडून बहुकंठी रचनेचे धडे घेतले, त्यालाच आपल्या रचनेत स्थान देण्याचा हा प्रकार होय. ‘गोइंग-टु-द-सन रोड’च्या शेवटी ब्राझीलचा टिम बर्नार्डेस पोर्तुगीज भाषेत गातो. ‘जारा’ हे शीर्षक, १९७३ साली चिलीतील लष्करी उठावानंतर ज्याची हत्या झाली त्या व्हिक्टर जारा या गायकाचे स्मरण करून देते. अशा रीतीने गुरू, समकालीन, श्रोते आणि दिवंगत हे सारे एकाच रचनेत एकमेकांच्या शेजारी येतात. एका व्यक्तीच्या नावे ओळखला जाणारा हा आविष्कार वस्तुतः अनेकांच्या ऋणाचा हिशेब आहे. व्यक्तिनिष्ठ भावगीताची जी कल्पना रूढ आहे, तीत एकटा जीव आपले अंतरंग उघडे करतो. येथे मात्र अंतरंग उघडावे तो आत इतरांचेच आवाज सापडतात.

अर्थात् एवढ्यावरून ही कृती श्रेष्ठ ठरत नाही. ऋण मान्य करणे हा सद्गुण असेल, पण सद्गुण म्हणजे सौंदर्य नव्हे. ‘शोअर’वर घेता येण्यासारखा मुख्य आक्षेप असा की, तीत विरोध कमी पडतो. कृतज्ञतेला काव्यरूप येण्यासाठी तिच्या पाठीशी हानीची जाणीव असावी लागते. ‘सनब्लाइंड’मध्ये ती आहे, प्रत्येक नावामागे एक गेलेला जीव आहे, आणि म्हणून तेथील उजेड डोळे दिपविणारा, किंबहुना डोळ्यांत पाणी आणणारा होतो. ‘फेदरवेट’मध्येही ती आहे, सरलेल्या कठीण वर्षाला क्षमा मिळावी ही तेथील इच्छा हलकी वाटत नाही, कारण पियानोच्या सुरावटीतील अस्वस्थता तिला सतत छेद देत राहते. परंतु मुद्रिकेच्या मध्यभागी अशी काही गीते आहेत की ज्यांत प्रसन्नता उरते आणि तिचे कारण दिसेनासे होते. वाद्यांचे थर तसेच उंच, कंठस्वर तसेच दाट, पण त्यांना अडविणारे काही नाही. अशा ठिकाणी एका गीताची छटा दुसऱ्यात मिसळून जाते आणि श्रोता सुखावतो, पण हलत नाही. ‘क्रॅक-अप’मधील ताण हवा होता असे चाहता म्हणतो, त्याचा हा अंश ग्राह्य धरावा लागेल. त्याची मागणी मात्र नेमकी नाही. गुंतागुंतीची उणीव त्याला जाणवते. खरी उणीव प्रतिकाराची आहे. दोन मिनिटांचे साधे गीतही प्रतिकाराने भरलेले असू शकते, आणि नऊ मिनिटांची वळणेही निव्वळ वळणे असू शकतात.

विशेष असे की, ही शंका खुद्द कृतीलाही सुचलेली आहे. शेवटचे शीर्षकगीत किनाऱ्याला केवळ आश्रय मानीत नाही. लाटेने पाडल्यावर ज्यांच्याकडे परतावे त्या आप्तांना ते किनारा म्हणते. परंतु त्याच किनाऱ्यावर अतिसुरक्षित राहिल्याची खंतही त्यात आहे. समोर रिकामेपणाचे भय आणि पाठीशी सुखरूपतेचा संकोच अशा दोन्हींच्या मध्ये गाणारा उभा आहे. आणि विसर पडण्यापूर्वी हे सारे नोंदवून ठेवावे एवढीच त्याची धडपड आहे. ज्या मुद्रिकेचा आरंभ कंबरभर पाण्यात उतरण्याने झाला तिचा शेवट किनाऱ्यावर व्हावा, आणि तेथेही मन पूर्ण निश्चिंत नसावे, या रचनेमुळे मधल्या गीतांतील प्रसन्नतेला मागाहून एक वेगळा अर्थ प्राप्त होतो. ती प्रसन्नता म्हणजे थोड्या काळासाठी मिळालेली जमीन होती. हे समर्थन मधल्या गीतांचे दुबळेपण नाहीसे करीत नाही, पण संपूर्ण कृतीचा तोल मात्र सांभाळते.

‘क्रॅक-अप’ ही या संचाची अधिक साहसी निर्मिती आहे आणि ‘शोअर’ ही अधिक उदार निर्मिती आहे, असा निर्णय यावरून करता येईल. साहसाचे मोल चाहत्याला लवकर कळते, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या श्रमाचाही गौरव असतो. उदारतेचे मोल कळण्यास त्याला आपली मालकी सोडावी लागते. ‘हा आवाज माझा’ असे म्हणणाऱ्याला ‘हा आवाज कितीकांचा’ हे मान्य करावे लागते. या ठिकाणी चाहता आणि रसिक यांतील भेद स्पष्ट होतो. चाहता कलावंतावर प्रेम करतो आणि कृतीत त्याला शोधतो. रसिक कृतीवर प्रेम करतो आणि तीत कलावंताखेरीज आणखी कोण कोण आहे हेही ऐकतो. परंतु चाहता झाल्यावाचून रसिक होण्याची वाट सापडत नाही, हेही तितकेच खरे. पहिल्या तीन मुद्रिका ज्याच्या कानांत मुरलेल्या नाहीत, त्याला पहिल्या गीतातील परका आवाज परका म्हणून जाणवणारच नाही. आणि तो परका वाटल्यावाचून त्याचे आपलेपण उमजणार नाही. म्हणून चाहत्याची साक्ष समीक्षेने फेटाळू नये. ती तपासून घ्यावी, तिच्यातील हट्ट वेगळा काढावा, आणि जे उरेल ते पुरावा म्हणून स्वीकारावे.