सीतेच्या आसवांची शिकार

आमच्या नरसिंहपुरात, नीरा-भीमेच्या संगमावर, झाडाला खायला काही कमी नाही. नदीकाठच्या गाळात ऊस माजतो. कीटक खाणारी वनस्पती बघायची तर उपाशी माती गाठावी लागते, म्हणजे साताऱ्याजवळचं कासचं पठार. जांभ्याचा सडा, वर जेमतेम माती, तिच्यातलं नत्रही पावसाने धुऊन नेलेलं.

इथे दवबिंदू भेटतो. त्याच्या लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकतात. चिलट बसलं की अडकतं, धडपडू लागलं की आणखी केस त्याच्यावर वाकतात. देखणा प्रकार, पण जरा नाटकी. माझी दाद ‘सीतेची आसवं’ या रोपाला.

वर नखाएवढं निळं-जांभळं फूल, मागे बारीक सोंड. सप्टेंबरात पठाराचे ओले भाग या फुलांनी भरून जातात. खाली मातीत मुळं नाहीतच. आहेत ते धागे, आणि त्यांना लागलेल्या मोहरीपेक्षा लहान पिशव्या. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर टाकते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात, ड्रॉपरचा फुगा दाबून धरावा तशा. दाराशी केस असतात. एखादा सूक्ष्म जीव त्यांना धडकला की दार आत उघडतं, भिंती फुगतात, पाण्याबरोबर भक्ष्य आत, दार बंद! या कुळातल्या पाणवनस्पतींचं चित्रीकरण झालंय; भक्ष्य ओढून घेणं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उरकतं. पिशवी मग पुन्हा पाणी उपसायला लागते.

डार्विनसुद्धा इथे चकला. 1875 च्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या ग्रंथात त्याने मांडलं, की प्राणी आपणच डोकं खुपसून दार ढकलतो. पिशवी त्याला ओढून घेते, हे त्याच्या हाती लागलं नाही.

आणि ही शिकार पोट भरायला नव्हेच. अन्न हिरवी पानं उन्हातून करतात. भक्ष्यातून मिळवायचं ते नत्र नि स्फुरद, जे आम्ही गोणीतून विकत आणतो.

मला सर्वांत भावते ती यातली वाटणी. बी धरायला फुलाला कीटक हवेत, पण फुलावर येणारी माशी खालच्या पिशवीत मावतच नाही. पाहुणे वेगळे, भक्ष्य वेगळं. दवबिंदूला एवढी बेमालूम सोय साधलेली नाही. त्याचा सापळा उघड्यावरच, फुलाच्या शेजारी.

कास 2012 पासून जागतिक वारशात आहे. पिशव्या बघायला रोप उपटावं लागतं, ते तिथे करू नये. पिशव्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्यात.