मत्स्यमेंदूतील हॉर्मोनांचे ऋतुचक्र : पुरावा आणि अनुमान

अस्थिमत्स्यांच्या मेंदूतील हॉर्मोनांची क्रियाशीलता ऋतुमानाप्रमाणे बदलते, हे विधान आता वादातीत मानले जाते. परंतु ‘क्रियाशीलता’ या शब्दाने नेमके काय मोजले गेले, हा प्रश्न या विषयावरील लेखनात पुष्कळदा अनुत्तरित राहतो. परिणामी मोजमाप अचूक असूनही अनुमान सदोष ठरते.

शिंगी माशाचे (हेटेरोप्न्यूस्टिस फॉसिलिस) उदाहरण घ्यावे. उत्तर भारतात त्याच्या वार्षिक प्रजननचक्राच्या पाच अवस्था मानतात : फेब्रुवारी ते एप्रिल पूर्वतयारीची, मे-जून अंडमोचनपूर्व, जुलै-ऑगस्ट अंडमोचनाची, सप्टेंबर-ऑक्टोबर अंडमोचनोत्तर आणि नोव्हेंबर ते जानेवारी विश्रांतीची. प्रत्येक अवस्थेत मेंदूचे छेद घेऊन त्यांतील गोनॅडोट्रोपीन-मोचक हॉर्मोनाचे रंजन अजमावणे, ही अशा अभ्यासाची एक रूढ पद्धत होय. रंजन गडद दिसले की क्रियाशीलता वाढली, असा निष्कर्ष सहज काढला जातो. वस्तुतः हॉर्मोनाची निर्मिती वाढली असेल, किंवा स्राव थांबल्यामुळे त्याचा केवळ साठा झाला असेल. उलटपक्षी फिकट रंजन विश्रांतीचे जसे द्योतक असू शकते, तसेच वेगाने चाललेल्या स्रावाचेही. कोठारातील धान्य मोजून पेरणी किती झाली हे सांगता येत नाही. अस्थिमत्स्यांत मेंदूतील चेतातंतू थेट पोष ग्रंथीत शिरतात. म्हणून मेंदू, पोष ग्रंथी आणि रक्त या तिन्ही ठिकाणचे मापन एकत्र पाहिल्यासच साठा व स्राव यांत भेद करता येईल.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. उत्तेजक हॉर्मोनाचा आलेख काढताना अवरोधक घटकाकडे दुर्लक्ष होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्डफिशवर केलेल्या प्रयोगांतून, डोपामीन हे पोष ग्रंथीतील ल्यूटिनकारी हॉर्मोनाचा स्राव रोखून धरते, असे दिसून आले. तेव्हा अंडमोचनाचा क्षण केवळ उत्तेजन वाढल्याने येत नाही. अवरोध शिथिल होणेही तितकेच निर्णायक असते. मात्र हा नियमही सार्वत्रिक नव्हे. अटलांटिक क्रोकर या सागरी माशात असा अवरोध आढळला नाही.

जातिभेदाचा हा इशारा जनुकीय प्रयोगांनाही लागू पडतो. झेब्राफिशमधील किसपेप्टिनची दोन्ही जनुके निकामी केली तरी मासे प्रजननक्षम राहतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून ऋतुबद्ध प्रजननातही किसपेप्टिन गौण आहे, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. कारण झेब्राफिश प्रयोगशाळेत वर्षभर अंडी घालतो. ज्या प्राण्यास तेथे ऋतूच नाही, त्याच्यावरून ऋतूचा निवाडा कसा करावा?

हा वाद केवळ तात्त्विक नाही. १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पोष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले. पुढे अर्काऐवजी मोचक हॉर्मोनाचे कृत्रिम अनुरूप आणि डोपामीनरोधक द्रव्य एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. अवरोधाचा विचार झाला नसता, तर ही पद्धत सुचलीच नसती. मत्स्यबीज केंद्राचे यश ज्या ज्ञानावर उभे आहे, त्यात साठा आणि स्राव, सहचार आणि कारण यांची गल्लत परवडणारी नाही. ऋतुचक्राचा आलेख हा संशोधनाचा आरंभ होय. त्यालाच निष्कर्ष समजण्याची सवय अभ्यासकांनी सोडली पाहिजे.