दोन बांधण्यांत विभागलेला लिटन

रॉबर्ट बुल्वर-लिटन (१८३१–१८९१) ह्या व्हाइसरॉयाच्या चरित्राचा अभ्यास करू लागले की, त्याची कन्या लेडी बेटी बाल्फर ह्यांनी सिद्ध केलेली दोन पुस्तके समोर येतात. १८९९ च्या ग्रंथात हिंदुस्थानातील कारभाराचा इतिहास आहे. १९०६ च्या दोन खंडांत खाजगी व वाङ्मयीन पत्रे आहेत. दुसऱ्या पुस्तकात हिंदुस्थानचा काळ वगळलेला आहे असे नव्हे. तथापि राज्यकर्ता एका बांधणीत आणि कवी दुसऱ्या बांधणीत, ही वाटणी कन्येच्या ममतेला सोयीची असली तरी चरित्राला मारक आहे.

लिटन हा कादंबरीकार पित्याचा पुत्र. ‘ओवेन मेरेडिथ’ ह्या टोपणनावाने त्याने काव्यलेखन केले. १८६० मधील ‘ल्युसील’ ही पद्यकादंबरी अमेरिकेत अमाप खपली. तिचे कथानक जॉर्ज सांडकडून उचलले असल्याचा आक्षेपही तिच्यावर आला. त्याच्या पद्यात सफाई आहे, वेग आहे; पण अनुभवापेक्षा आभरणावर विश्वास अधिक. पत्रांतला लिटन मात्र चतुर, मोकळा, कधी स्वतःलाच हसणारा. गद्यकार म्हणून तो कितीतरी सरस होता, हे ह्या खंडांवरून निःसंशय ठरते.

आभरणावरील हाच विश्वास १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात दिसतो. संस्थानिकांना युरोपीय सरदारी थाटाची चिन्हे काढलेले ध्वज देण्यात आले. मध्ययुगीन रोमान्समधील एखादे दृश्यच जणू मैदानावर मांडले होते. त्याच वेळी दख्खनमध्ये दुष्काळ लाखोंचे प्राण घेत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी ह्या दरबाराला खादीचा साधा वेष करून गेले. त्या सोहळ्यावर इतकी मार्मिक टीका कोणा समीक्षकाला क्वचितच साधली असती!

१४ मार्च १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा हा मात्र साऱ्या प्रकरणाचा गाभा होय. तो एकाच बैठकीत संमत झाला. मुद्रक व प्रकाशक ह्यांच्याकडून जामीन घेण्याचा, छापखाना जप्त करण्याचा अधिकार त्याने दिला आणि न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद केली. इंग्रजी पत्रे मोकळीच राहिली. म्हणून ‘अमृत बझार पत्रिका’ आठवड्याभरात इंग्रजीत निघू लागली. देशी पत्रांविषयीचे सरकारचे ज्ञान मुख्यतः सरकारी अनुवादकांनी केलेल्या इंग्रजी उताऱ्यांवर अवलंबून असे. संदर्भ सुटलेल्या उताऱ्यात उपरोध शिवीसारखा आणि विलाप धमकीसारखा वाचला जातो, हे अनुवादाचे काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. शब्दाच्या छटांवर जगणाऱ्या कवीला ते कळू नये, हे नवल. किंवा कळूनही त्याने तिकडे पाहिले नसेल, आणि तसे असल्यास दोष अधिक गंभीर ठरतो.

कवी व शासक ह्या दोन भिन्न व्यक्ती होत्या, असा लिटनचा बचाव करता येत नाही. रसिकता सत्तेला आपोआप सौम्य करते, हा वाङ्मयप्रेमी मंडळींचा आवडता समजही ह्या चरित्रापुढे टिकत नाही. पुढे १८८७ पासून तो पॅरिसला राजदूत होता व तेथेच वारला. त्याच्या स्मृतीला ऑस्कर वाइल्डने आपले ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ हे नाटक अर्पण केले. त्याचा देशी वृत्तपत्रांचा कायदा मात्र त्याच्या हयातीतच, रिपन ह्यांच्या कारकिर्दीत, रद्द झाला होता.