‘गूढ’ आणि ‘नवल’ : ज्ञानेश्वरीतील सूर्यरूपकाच्या निमित्ताने

ईश्वरी प्रेमाचे गूढ आणि आकाशाचे गूढ यांची तुलना हा आपल्याकडील प्रवचनांचा, आणि पदव्युत्तर वर्गांतील निबंधांचाही, आवडता विषय आहे. आकाश अथांग, तसे ईश्वराचे प्रेमही अथांग. ताऱ्यांचे कोडे सुटत नाही, तसे भक्तीचेही सुटत नाही, असा तिचा साचा असतो. कृष्णद्रव्याची चर्चा सुरू झाल्यापासून तिला नवा आधार लाभला : जे दिसत नाही, पण ज्याच्या ओढीने दीर्घिका बांधलेल्या राहतात, ते द्रव्य म्हणजे जणू ईश्वरी प्रेमच! तुलना आकर्षक आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तीच दृष्टी घेऊन ज्ञानेश्वरी वाचली जाऊ लागली म्हणजे ग्रंथाची हानी होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘गूढ’ हे ‘गुह्’ म्हणजे झाकणे, लपविणे या धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. गूढ म्हणजे झाकलेले. आणि जे झाकलेले आहे ते उघडता येते. खगोलशास्त्रातील गूढे नेमकी या जातीची असतात. युरेनसच्या गतीतील विसंगतीचे गूढ १८४६ मध्ये नेपच्यून सापडताच उकलले. बुधाचा उपसूर्यबिंदू अपेक्षेहून शतकाला सुमारे ४३ विकला अधिक का सरकतो, याच्या उत्तरादाखल ल व्हेर्ये यांनी सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. तो ग्रह नव्हताच. उत्तर मिळाले ते १९१५ मध्ये, आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तात. गूढ उकलले की ते संपते, आणि ते संपावे हीच ज्योतिर्विदाची इच्छा असते. कृष्णद्रव्याचेही उद्या असेच होऊ शकेल. मग त्या दिवशी त्यावर उभारलेल्या ईश्वरी प्रेमाच्या उपमेचे काय व्हावयाचे?

या वाचनाचा दुसरा प्रकार अधिक प्रतिष्ठित आहे. चौथ्या अध्यायात सूर्य न चालताच चालल्यासारखा भासतो असा दृष्टान्त येतो. त्यावरून ज्ञानेश्वरांना सूर्याची स्थिरता ठाऊक होती, असे अभिमानाने सांगितले जाते. त्याच ठिकाणी नावेत बसलेल्याला तीरावरील झाडे वेगाने जाताना दिसतात, हाही दृष्टान्त आहे. नावेचा दृष्टान्त आर्यभटाने (इ. स. ४९९) गोलपादात ताऱ्यांच्या भासमान गतीसाठी योजिला, हे खरे. परंतु गीतेच्या नेमक्या त्याच स्थळी, कर्म आणि अकर्म यांच्या विवेचनात, शांकरभाष्यातही तो आहे. आणि भाष्यकारांना वाट पुसत आपण चाललो, असे ज्ञानेश्वर स्वतःच सांगतात. तेव्हा येथे ज्योतिष शोधणे म्हणजे दृष्टान्तालाच सिद्धान्त समजणे होय.

खरा विचार करावयाचा तो सोळाव्या अध्यायाच्या आरंभाचा. तेथे सद्‌गुरु निवृत्तिनाथ सूर्य झाले आहेत (नाथ आणि वारकरी परंपरेत गुरुप्रेम व ईश्वरप्रेम वेगळे काढता येत नाही, म्हणून ते येथे ईश्वरी प्रेमच समजावयाचे). या सूर्याच्या उदयाने विश्वाचा आभास मावळतो, अविद्येची रात्र सरते आणि ज्ञान व अज्ञान ही दोन्ही चांदणी गिळली जातात. ज्ञानाचीही चांदणी गिळली जाते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे चक्रवाकांचे जोडपे येते. रात्रभर नदीच्या दोन तीरांवर विरहाने आक्रंदणारे हे पक्षी म्हणजे कविसंकेतच. परंतु ज्ञानेश्वरांनी नदीला भेद म्हटले आणि जोडप्याला बुद्धी व बोध. हे दोन्ही शब्द ‘बुध्’ या एकाच धातूपासून झालेले आहेत. एक स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी. धातू एक असून प्रत्ययाने दुरावलेले हे जोडपे शब्दांच्या अडचणीत सापडले आहे, असेही कवीने सुचविले आहे. व्याकरणाचा अभ्यासक येथे थबकतो. कवीने हे जाणून केले की त्याच्या भाषेनेच ते केले, हे ठरविणे कठीण. परंतु विरह आणि मीलन यांचे इतके काटेकोर चित्र प्रस्तुत लेखकाला मराठीत दुसरे आठवत नाही.

या रूपकात कवीने आकाशातील अज्ञात काहीच घेतलेले नाही, हे ध्यानात यावे. ग्रहण नाही, धूमकेतू नाही. घेतला तो रोजचा सूर्योदय, आकाशातील सर्वांत परिचित घटना. आणि त्या उदयासाठी योजलेला शब्द ‘नवल’ हा आहे. त्याचे नाते ‘नव’शी आहे, झाकण्याशी नाही. गूढाला एकदाच उत्तर मिळते, तर नवल रोज पाहिले तरी नवलच राहते. हा सूर्य तर दिवस आणि रात्र या दोहोंच्या पलीकडचा, प्रकाशित करावयाची वस्तूच नसलेला प्रकाश, असे कवी पुढे म्हणतो. आणि शब्दांनी केलेली स्तुतीच नमनाला बाधक होते, अशी कबुली देतो. ही कबुली अज्ञानाची नव्हे. अतिसान्निध्याने वाणी थांबते, तिची आहे.

पसायदानातही तो सूर्य पुन्हा येतो. सज्जनांना तेथे डाग नसलेले चंद्र व ताप नसलेले सूर्य म्हटले आहे. आलंकारिक याला व्यतिरेकाची छटा म्हणतील. उपमानाचा जो भौतिक गुण ज्योतिर्विदाने आवर्जून मोजला असता, नेमका तोच कवीने काढून टाकला आहे.